मिस्त्रीची मूठ

विमानतळ म्हणावं असं तिथं फारसं काही नव्हतं. एक धावपट्टी, तिच्या टोकाला पत्र्याचं हँगर, हँगरला चिकटून दोन खोल्यांचं ऑफिस, आणि खांबाला बांधलेली वाऱ्याची कापडी नळी, जी बाराही महिने एकाच दिशेला हात करून उभी असे. गाव पठारावरचं, समुद्रापासून सात हजार फूट वर. तिथं जन्मलेल्यांना त्या उंचीचं काही वाटत नसे. बाहेरून आलेला माणूस मात्र पहिले दोन दिवस जिना चढताना मधेच थांबे आणि खिडकीतून बाहेर काहीतरी बघत असल्याचं सोंग करी. इंजिनांचंही तेच होई. फक्त इंजिनाला लाज नसते, त्यामुळे ते सरळ खोकतं.

त्या खोकल्यावरचा वैद्य म्हणजे मिस्त्री. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं होतं. विहिरींवरचे पंप दुरुस्त करणाऱ्या बापाच्या हाताखाली तो वाढला आणि बापाकडून त्याला दोनच गोष्टी मिळाल्या: पान्यांची एक पेटी आणि कान. बाप त्याला विहिरीकडे पाठ करून बसवी आणि विचारी, सांग, पंपाला काय झालंय. चुकलं की पाठीत धपाटा. त्या धपाट्यांनी तयार झालेला कान पुढे तीस वर्षं विमानांच्या कामी आला. चालू इंजिनासमोर उभं राहून कुठल्या सिलिंडरचा प्लग मरायला टेकलाय हे तो सांगे, आणि प्लग काढला की तसंच निघे. ऑफिसातला कारकून त्याला कानसेन म्हणायचा. मिस्त्रीला ते आवडे, पण आवडतं असं त्यानं कधी दाखवलं नाही.

पठारावर हवा पातळ. इंजिनाला पेट्रोल लागतं तशी हवाही लागते, आणि दोघांचं प्रमाण जमावं लागतं. समुद्राकाठी जमलेलं प्रमाण सात हजार फुटांवर बिघडतं. पेट्रोल तेवढंच येत राहतं, हवा कमी पडते, आणि इंजिन भरल्या पोटाच्या माणसासारखं सुस्तावतं. मागून काळा धूर, पुढून जोर नाही. त्यासाठी पायलटसमोर एक लाल नॉब असतो. आत ढकलला की पेट्रोल वाढतं, बाहेर ओढला की कमी होतं, पूर्ण ओढला की इंजिन बंद. उंचावर तो थोडा ओढायचा. कमी ओढला तर विमान उचलत नाही, जास्त ओढला तर इंजिन तापतं आणि व्हॉल्व्ह जळतात. सगळी कला त्या ‘थोडा’ शब्दात होती, आणि तो शब्द मिस्त्रीच्या ताब्यात होता.

कंपनीची तीन विमानं होती. चार सीटची, पैकी मागच्या दोन काढून तिथं माल भरायचा. औषधं, टपाल, यंत्रांचे सुटे भाग, क्वचित एखादा आजारी माणूस. उड्डाणाआधी पायलट ब्रेक दाबून इंजिन पूर्ण जोरात सोडी, आणि समोर, पंख्यापासून वीस पावलांवर, मिस्त्री उभा राही. तो मूठ वर करी. मूठ हळूहळू छातीकडे येऊ लागली की पायलटनं लाल नॉब तसाच हळूहळू ओढायचा. इंजिनाचा आवाज आधी घोगरा असे, मग घसा साफ झाल्यासारखा मोकळा होई, आणि त्या क्षणी मिस्त्रीची मूठ उघडे. मूठ उघडली की नॉबवरचा हात काढायचा आणि निघायचं.

ही रीत कुणी ठरवलेली नव्हती. फार पूर्वी एका विमानातला फेऱ्यांचा काटा बंद पडला होता. पंखा मिनिटाला किती फेऱ्या मारतो ते दाखवणारा हा काटा, आणि नवा येईपर्यंत आठ महिने गेले. तेवढ्यापुरती सोय म्हणून मिस्त्री पुढे उभा राहू लागला. काटा आला, बसला, फिरू लागला, पण तोवर त्याच्याकडे बघायची सवय गेलेली होती. पायलट मुठीकडे बघत. पुढे आलेल्यांना तर वाटे, सगळीकडे असंच असतं. नव्या धावपट्टीवर जायचं झालं तर पहिल्या खेपेला मिस्त्री उजव्या सीटवर बसून जाई, तिथं उतरून पुढे उभा राही, पायलटच्या हाताला ती जागा दाखवी आणि पुन्हा चढून बसे. पायलट नॉबच्या दांड्यावर पेन्सिलनं खूण करून ठेवत.

कंपनीतला सगळ्यात जुना पायलट, ज्याला सगळे थोरले म्हणत, तो म्हणायचा, देव वर, मिस्त्री खाली, आम्ही मधे लोंबकळतोय. मिस्त्री तापानं अंथरुणाला खिळला त्या वर्षी मालकांनी त्याला गाडी पाठवून, घोंगडीत गुंडाळून धावपट्टीवर आणला होता. घोंगडीतून एक मूठ बाहेर आली, छातीकडे गेली, उघडली, आणि विमान गेलं. ही गोष्ट मिस्त्री पुढे कितीतरी वर्षं सांगे. तापाचा आकडा दर वर्षी थोडा चढत गेला.

तो कंजूष नव्हता. पाने मागितले तर देई, डब्यातलं अर्धं देई, सुट्टीच्या दिवशी कुणाची मोटारसायकल उघडून बसे. पण थोडा म्हणजे किती, असं कुणी विचारलं की तो कान खाजवी आणि म्हणे, ते ऐकावं लागतं. थोरले हसत, म्हणत, झाकली मूठ सव्वा लाखाची. मिस्त्रीही हसे.

एकदा सगळे जेवायला गेले असताना तो एकटाच विमानात चढून बसला होता. इंजिन चालू केलं, पूर्ण सोडलं, डोळे मिटले आणि नॉब ओढत गेला. आवाज मोकळा झाला तिथं थांबला. डोळे उघडले. फेऱ्यांचा काटा आपल्या चढाच्या अगदी माथ्यावर उभा होता. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तिथंच. आणखी जरा ओढला तर काटा उतरायला लागला, आत ढकलला तरी उतरला. म्हणजे जे कान सांगत होता तेच काटा सांगत होता, आणि काट्याला बापाचे धपाटे खावे लागले नव्हते. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला, हात पुसले. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं नाही असंही ठरवलं नव्हतं. नुसतं राहून गेलं, जसं माणसाच्या आत पुष्कळ काही राहून जातं आणि मग तिथंच मुरतं.

घरी बायको होती आणि बायकोचा भाऊ. बायको शाळेत तिसरीच्या वर्गाची बाई. तिची आई लवकर गेली, बाप त्याआधीच, आणि लग्न होऊन ती आली तेव्हा तिच्याबरोबर एक शिवणयंत्र आणि सात वर्षांचा भाऊ आला. लोक चेष्टेनं म्हणत, मिस्त्रीला बायकोवर मेव्हणा फुकट मिळाला. मिस्त्री म्हणे, फुकट कसला, दोघांचं खातो. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. पहिली काही वर्षं त्याचं दुःख घरात वावरलं, मग त्या पोरानं घरात इतका दंगा मांडला की दुःखाला बसायला जागा उरली नाही.

मेव्हणा मोठा झाला आणि पायलट व्हायचं म्हणाला. दुसरं काय होणार होतं? समुद्राकाठच्या एका शाळेत दोन वर्षं शिकून परत आला. येताना परवाना आणला आणि एक छापील कार्ड, त्यावर उड्डाणाआधी करायच्या गोष्टी ओळीनं लिहिलेल्या. परीक्षेच्या आधी सुट्टीवर आलेला असताना ताईनं ते कार्ड हातात धरून त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं, पाढे घेतात तसं. तो एकही ओळ चुकला नव्हता. त्यातली नववी ओळ होती, लाल नॉब पूर्ण आत. समुद्राकाठी ते बरोबरच होतं.

पहिल्या दिवशी तो विमानात बसला तेव्हा मिस्त्रीनं खिडकीशी जाऊन विचारलं, “काय मेव्हणे, समुद्राकाठचं शिक्षण समुद्रात सोडून आलात की सगळं बरोबर आणलंय?”

“सोडतो की भावोजी. पण मग तुमचं द्या.”

मिस्त्री पुढे जाऊन उभा राहिला आणि मूठ वर केली.

दोन वर्षं असं चाललं. त्याची मूठ आणि पोराचा हात एकाच दोरीला बांधल्यासारखे हलत. मिस्त्रीला आयुष्यात त्याहून मोठं सुख मिळालं नसावं. इतर पायलट त्याच्या मुठीकडे बघत, हा त्याच्या तोंडाकडे बघून हसे. विमान वर गेल्यावर मिस्त्री उगीचच थोडा वेळ तिथं उभा राही आणि आवाज दूर जाईपर्यंत ऐके. स्वच्छ, मोकळा आवाज. आपण लावून दिलेला.

पोरानं दोनदा विचारलं. पहिल्यांदा हँगरमध्ये. तेव्हा मिस्त्रीनं फडताळातून एक जळका व्हॉल्व्ह काढून त्याच्या हातावर ठेवला. कड खाल्लेली, उंदरानं कुरतडल्यासारखी. म्हणाला, नॉब जास्त ओढला की असं होतं, आणि हे हवेत झालं की मग मला बोलावू नकोस. माझ्याशिवाय जमिनीवर त्या नॉबला हात लावायचा नाही. पोरानं व्हॉल्व्ह उलटसुलट करून बघितला आणि मान डोलावली. या एका बाबतीत तो मस्करी करत नसे.

दुसऱ्यांदा विचारलं ते घरी, जेवताना. भावोजी, समजा एखाद्या दिवशी तुम्ही नसलात तर? मिस्त्री म्हणाला, मी कुठे जातोय. ताई वाढत होती, ती म्हणाली, अहो, विचारतोय तर सांगा ना. मिस्त्रीनं तिला सुनावलं की हे तुझ्या तिसरीच्या वर्गासारखं नसतं, पाढे पाठ करून इंजिन कळत नाही. पोरगा म्हणाला, असू दे ताई, भावोजी आहेत तोवर आपल्याला कान धुवायचीही गरज नाही. तिघंही हसले आणि विषय तिथंच संपला.

मग धरणाचं काम आलं. वर डोंगरात, साडेनऊ हजार फुटांवर, धरण बांधणाऱ्यांनी आपली एक धावपट्टी केली होती आणि त्यांना पंपाचे भाग ताबडतोब हवे होते. नेमकं त्याच आठवड्यात दुसऱ्या विमानाचं इंजिन मिस्त्रीनं उघडून टेबलावर मांडलेलं. तो मालकांना म्हणाला, आठ दिवस थांबा, मी बरोबर जातो. मालक म्हणाले, भाग जड आहेत, तुझ्या जागी आणखी एक खोकं मावेल, आणि येताना विमान रिकामंच असेल. मिस्त्री रागावला. त्या रागात, खरं सांगायचं तर, थोडं समाधानही होतं. जाऊन बघा माझ्याशिवाय, असं काहीसं. सकाळच्या गारव्यात त्यानं मूठ वर केली, उघडली, आणि विमान डोंगराकडे गेलं.

अकराच्या सुमाराला ऑफिसातला फोन वाजला. कारकून पोस्टात गेला होता. मिस्त्रीचे दोन्ही हात ग्रीसनं भरलेले, त्यानं रिसीव्हर खांद्यात धरला.

“भावोजी, पोचलो. माल उतरवला. पण इथं इंजिन फारच कुंथतंय हो.”

“कुंथणारच. नऊ हजारांच्या वर आहेस.”

“मग इथं किती ओढू? आपल्याकडे ओढतो तेवढं, की जास्त?”

मिस्त्रीनं रिसीव्हर खांद्यानं कानाशी घट्ट दाबला. तारेतून वाऱ्याचा आवाज येत होता आणि लांब कुठेतरी दगड फोडण्याचं यंत्र चाललेलं. त्यानं नंतर हा क्षण इतक्यांदा उलटून पाहिला की त्याच्या कडा झिजून गेल्या. उत्तर त्याला माहीत होतं. जिभेवर होतं. पण ते फोनवरून सांगता येण्यासारखं आहे, असं त्याला त्या क्षणी मान्य करायचं नव्हतं.

“ऐकल्याशिवाय कसं सांगू?”

“अंदाजानं सांगा की.”

“अंदाजानं इंजिनं चालत नाहीत. नॉबला हात लावू नकोस. तिथंच थांब. मी उद्या जीपनं निघतो, परवा पोचतो.”

“परवा? इथं एक पत्र्याची शेड आहे भावोजी, आणि एक कुत्रं आहे, ते आत्तापासूनच माझ्याकडे फार आपुलकीनं बघतंय.”

“मग जमवून घे त्याच्याशी.”

तो हसला. म्हणाला, “बरं. ताईला सांगा, जेवायला थांबू नको म्हणावं.”

मिस्त्रीनं रिसीव्हर ठेवला. त्यावर ग्रीसचे डाग पडले होते, ते त्यानं फडक्यानं पुसले आणि परत कामाला लागला.

नंतर जे कळलं ते असं. दुपारी पश्चिमेकडून ढग दिसू लागले. तिथला मुकादम म्हणाला की हे एकदा बसले की चार-पाच दिवस हलत नाहीत. पोरगा तासभर विमानाच्या चाकाशी बसून राहिला. मग उठला. दोन वाजता, दिवसातल्या सगळ्यात तापलेल्या वेळी, जेव्हा हवा आणखी पातळ होते, त्यानं इंजिन सोडलं. बघणाऱ्यांनी सांगितलं की आवाज मोठा होता पण जड होता, आणि मागून काळा धूर निघत होता. चाकं फार उशिरा सुटली. कुंपण ओलांडलं. कुंपणापलीकडे धरणासाठी रचलेले दगड होते, ते ओलांडता आले नाहीत.

मिस्त्री परवा पोचला, म्हणाला होता तसा.

चौकशी अधिकारी आधीच आलेला होता. शांत, चष्मा लावणारा माणूस. त्यानं मिस्त्रीला प्लग काढून द्यायला सांगितलं, कारण तिथं दुसरं कुणी ते काम जाणत नव्हतं. चार सिलिंडर, आठ प्लग. मिस्त्रीनं ते एकेक करून काढले आणि पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडले. आठही काळे. मऊ, कोरडी काजळी, बोटाला लागणारी. इंजिन पेट्रोलात गुदमरलं होतं. पुढचा सगळा भाग पिळवटला होता, तरी लाल नॉब दिसत होता. पूर्ण आत. उड्डाणाआधी कार्डातल्या नवव्या ओळीप्रमाणे त्यानं तो आत ढकलला असणार, आणि त्यानंतर त्याला हात लावलेला नव्हता. लावू नकोस म्हणून सांगितलं होतं.

अधिकाऱ्यानं वही उघडली आणि विचारलं, एवढ्या उंचीवर हा ओढून घ्यावा लागतो, हे पायलटला माहीत नव्हतं का?

मिस्त्री प्लगकडे बघत म्हणाला, “माहीत असायला हवं होतं.”

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं.

पाच महिने गेले. मिस्त्री कामावर जात राहिला आणि मूठ उघडत राहिला. कान तसाच तीक्ष्ण होता, तसूभर चुकत नव्हता. तो बिघडला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे. रात्री झोपेतही तो फोनमधला वारा ऐकत असे.

बायको दहाव्या दिवसापासून शाळेत जाऊ लागली. भेटायला येणारे येत, आणि समजूत घालताना सगळे एकाच वळणावर येऊन थांबत: तरुण रक्त, घाई केली, विसरला असेल. एका मुलाची आई तर रस्त्यात म्हणाली की अगदी साधी गोष्ट होती म्हणे, तीसुद्धा केली नाही. ते सगळं ती ऐकून घेई. मग घरी आल्यावर चप्पल काढता काढता मिस्त्रीला विचारी, विसरला असेल का हो? तो विसरणाऱ्यातला नव्हता. त्याला मी बाराखडीपासून शिकवलंय, एकदा कळलं की त्याचं जात नसे. मिस्त्री म्हणे, झालं ते झालं. एकदा म्हणाला, अशा वेळी माणसाला सुचत नाही. हे म्हटल्यावर तो बाहेर जाऊन नळाखाली हात धुवत राहिला. हात स्वच्छच होते. खरं सांगावं असं त्याच्या मनात रोज येई, आणि रोज तो ते दुसऱ्या दिवसावर टाकी. सांगितलं तर तिला भाऊ परत मिळाला असता, न विसरणारा, सांगितलेलं ऐकणारा. पण मग या घरात ती कुणाबरोबर राहणार होती?

अहवाल टपालानं आला, तिच्या नावावर, कारण कागदोपत्री जवळची नातेवाईक तीच होती. रविवार होता, सकाळचे दहा. तिनं जेवणाच्या टेबलावरच्या मुलांच्या वह्या बाजूला सारल्या आणि अहवाल वाचायला घेतला. वाचताना हातात पेन्सिल धरायची तिला सवय होती. मिस्त्री समोर बसून चहा पीत होता. दहा पानं होती. सातव्या पानावर तिची पेन्सिल थांबली, एका ओळीखाली हळूच रेघ ओढली, आणि तिनं कागद त्याच्याकडे फिरवला. लिहिलं होतं की या उंचीवर मिश्रणातलं पेट्रोल कमी करण्याची गरज पायलटला माहीत असायला हवी होती, असं कंपनीच्या अनुभवी मिस्त्रींनीही सांगितलं.

“हे तुम्ही म्हणालात?”

अधिकारी आपल्या मनानं लिहितात, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिनं विश्वास ठेवला असता. सोळा वर्षं ती ठेवतच आली होती.

“हो,” तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. फोन किती वाजता आला, कारकून कुठे होता, पोरानं काय विचारलं, आपण काय म्हणालो. बिघाड सांगताना सांगतात तसं, पुढचं पुढे, मागचं मागे, मधे आपल्यासाठी कुठे थांबला नाही. जळक्या व्हॉल्व्हचंही सांगितलं. आणि त्या दुपारचं, जेव्हा त्यानं एकट्यानं विमानात बसून काटा पाहिला होता. ती ऐकत राहिली. एकदाच तिनं अडवलं.

“माझ्यासाठी काही म्हणाला होता?”

“जेवायला थांबू नको म्हणाला. मी संध्याकाळी सांगणार होतो.”

बाहेर कुणीतरी जिना झाडत होतं. झाडू पायरीवर आपटल्याचा आवाज एकेक पायरी खाली जात होता, आणि सगळ्यात खालच्या पायरीपर्यंत मिस्त्रीनं तो मोजला. ती रडेल, उठून जाईल, निदान दोन शब्द सुनावेल, यातल्या प्रत्येकाची त्यानं पाच महिने तयारी केली होती. तिनं अहवाल उलटा केला. मागचं पान कोरं होतं. पेन्सिल हातातच होती.

“काय सांगायला हवं होतं?”

“कधी?”

“फोनवर. तो विचारत होता तेव्हा.”

“तसं ते ऐकावं...” तो म्हणाला आणि थांबला.

ती वाट बघत होती. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाची बघतात तशी, न रागावता.

त्यानं सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा अडखळला, कारण ही वाक्यं त्याच्या तोंडातून कधी बाहेर पडली नव्हती. तिनं मधे दोन प्रश्न विचारले. काटा म्हणजे कोणता? फेऱ्यांचा, डावीकडचा मोठा. आणि ओढायचा तो किती जोरात? सावकाश, सुईत दोरा ओवताना हात जेवढा हलतो तेवढाच. ती लिहीत होती. अक्षर तिसरीच्या मुलांना वाचता यावं असं, मोठं आणि सुटं. लिहून झाल्यावर तिनं ते मोठ्यानं वाचलं.

“ब्रेक दाबून इंजिन पूर्ण सोड. लाल नॉब सावकाश ओढ. फेऱ्यांचा काटा चढत जाईल. चढायचा थांबून उतरू लागला की थांब, केसभर आत ढकल आणि नीघ.”

वाचून झालं. ओठ मात्र हलत होते, पाठ झालंय का ते बघत असल्यासारखे.

“मला कळलं,” ती म्हणाली. आवाज जराही चढलेला नव्हता. “मी विमानात कधी बसले नाही, तरी कळलं. त्याला कळलं नसतं?”

तिनं कागद मिस्त्रीपुढे सरकवला.

“बघा, यात काही राहिलंय का.”

त्यानं कागद उचलला. चष्मा लावला. चार ओळी होत्या. त्यानं त्या वाचल्या, परत वाचल्या, आणि तिसऱ्यांदा वाचताना तो काहीतरी शोधत होता, लिहिता येणार नाही असं काहीतरी, जे विहिरीकडे पाठ करून बसल्याशिवाय मिळत नाही. असं एखादं टोक हाताला लागलं असतं तर त्याच्या आधारानं तो तिच्या डोळ्यांकडे बघू शकला असता.

“नाही,” तो म्हणाला. “एवढंच आहे.”